पाचक सिरप: वाटीतली परीक्षा आणि पोटातलं दुखणं



तांबडा-पांढरा रस्सा जास्त झाला की आपल्या कोल्हापुरात पाचक सिरपची बाटली निघतेच. काही जण तर ती डॉक्टरांना न विचारता महिनोन् महिने घेतात. कुणी थोरांनी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः पारखा, असं भगवान बुद्धांनी कालामांना सांगितलं होतं. मग बाटलीवरचा मजकूर तरी न पारखता का मानायचा?

अशा अनेक सिरपमध्ये डायस्टेज आणि पेप्सिन ही एन्झाइम असतात. डायस्टेज भात-भाकरीतला स्टार्च तोडतं, पेप्सिन प्रथिनं तोडतं. यातलं डायस्टेज घरी तपासता येतं. भाताची पातळ पेज गाळून कोमट होऊ द्या. उकळत्या पेजेत एन्झाइम निकामी होतं. कागदी कपांत सारखी पेज घ्या. एकात चमचाभर साखरपाणी, दुसऱ्यात तेवढंच सिरप, तिसऱ्यात स्वतःची थुंकी घाला. अर्ध्या तासाने प्रत्येकात टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. साखरपाण्याची पेज निळी-काळी होईल. दुसरीकडे हा रंग फिका राहिला, तर तिथला स्टार्च तुटला. सिरपमध्ये व्हिटॅमिन सी असेल तर मात्र ही परीक्षा फसते, कारण ते आयोडीनचा रंगच घालवतं. शेवटी कप फेकून द्या, मुलांच्या हाती लागू देऊ नका.

थुंकीच्या कपातही रंग फिका पडतो. म्हणजे विकतचं काम आपलं तोंड फुकट करतं. घास नीट चावा, एवढंच.

पण कप म्हणजे पोट नव्हे. जठरातल्या तीव्र आम्लात डायस्टेज फार टिकत नाही. म्हणून ही परीक्षा बाटलीतलं एन्झाइम जिवंत आहे का एवढंच सांगते, तुमचा त्रास जाईल का ते सांगत नाही. स्वादुपिंड निकामी असलेल्यांना एन्झाइमच्या कॅप्सूल खरोखर लागतात, पण त्या डॉक्टरांनी तपासून दिलेल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने १५६ संमिश्र औषधांवर बंदी घातली, त्यात अनेक एन्झाइम एकत्र केलेलं एक मिश्रणही होतं.

खरा धोका उशिराचा आहे. वजन घटणं, काळी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणं, पुन्हा पुन्हा दुखणं, यातलं काहीही असेल तर सिरप बाजूला ठेवा आणि सीपीआर किंवा जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. छातीत जळजळ, घाम आणि दम लागत असेल तर ते अपचन समजून घरी थांबू नका. तो हृदयविकार असू शकतो. घरातल्या बाईचं दुखणं 'गॅस झालाय' म्हणून टाळू नका.