वेष्टनावरचा तबलजी

गाण्याची बैठक निलंग्यास भरो वा मुंबईस, दुसऱ्या दिवशी गवयाचे नाव सर्वांच्या तोंडी असते. तबल्यावर कोण होते, हे मात्र बहुधा विचारूनच घ्यावे लागते. लंडनमध्ये तयार झालेल्या दोन जगप्रसिद्ध ध्वनिमुद्रिकांच्या बाबतीत याच रीतीचा एक सुखद अपवाद आणि एक खेदकारक प्रत्यय आढळतो.

‘बीटल्स’ या चौघा इंग्रज वादकांच्या मंडळीची ‘रिव्हॉल्व्हर’ ही चौदा गीतांची मुद्रिका ५ ऑगस्ट १९६६ रोजी प्रसिद्ध झाली. ‘सायकेडेलिक रॉक’ नामक संगीतप्रकाराच्या आरंभीच्या प्रमुख मुद्रिकांत तिची गणना होते. एल. एस. डी. सारख्या द्रव्याने मनुष्याच्या जाणिवेत जो पालट होतो, म्हणजे काळ लांबल्यासारखा वाटणे, नाद व रंग चमत्कारिक भासणे, तो केवळ ध्वनीच्या योगे श्रोत्यापुढे उभा करावा, हा या प्रकाराचा हेतू. त्यासाठी ध्वनिफीत उलटी फिरविणे, तिचा तुकडा वर्तुळाकार जोडून एकच नाद पुनःपुन्हा वाजविणे, अशा युक्त्या योजण्यात आल्या. मुद्रिकेच्या अखेरच्या गीतात अशा फिती आहेत, आणि त्यांच्या तळाशी तंबोऱ्याचा अखंड नाद आहे. पाश्चात्त्य संगीतात स्वरसंवाद सतत बदलतात व त्यामुळे काळ पुढे जात असल्याचा भास होतो. तंबोरा आपली जागा सोडीत नाही. काळ थांबविण्याची इच्छा धरणाऱ्यांस तो उपयोगी पडला, यात नवल नाही.

जॉर्ज हॅरिसन यांच्या ‘लव्ह यू टू’ या गीतात तर बांधणीच भारतीय वळणाची आहे. प्रथम तालाविना सतारीची आलापी, मग तबल्याचा प्रवेश, आणि अखेरीस वाढलेली लय. स्वर काफी थाटास जवळचे. या गीताचे ध्वनिमुद्रण ११ एप्रिल १९६६ रोजी झाले. लंडनच्या ‘एशियन म्युझिक सर्कल’चे अंगडी यांनी तबल्यासाठी अनिल भागवत यांस पाचारण केले; परंतु कोणासाठी वाजवावयाचे, हे त्यांस कळले नव्हते. न्यावयास रोल्स-रॉइस मोटार आली, तेव्हा उलगडा झाला. सोळा मात्रांचा ताल ठरला व पुढील वादन त्यांच्या उपजेवर सोपविण्यात आले.

गीत अवघे तीन मिनिटांचे. आलापी क्षणात आटोपते. लय वाढते न वाढते तोच ध्वनी मंद होत विरून जातो, समेवर येऊन थांबणे नाही. तथापि जुन्या तबकड्यांवर भारतीय गवयांसही सुमारे एवढ्याच वेळात राग आटोपावा लागे, हे विसरता येत नाही.

भागवत यांचे नाव वेष्टनावर छापले गेले. १९६७ च्या ‘सार्जंट पेपर्स’ या मुद्रिकेतील ‘विदिन यू विदाउट यू’ या गीतात अण्णा जोशी व अमृत गज्जर यांचा दिलरुबा, बुद्धदेव कंसारा यांचा तंबोरा आणि नटवर सोनी यांचा तबला आहे. त्या वेष्टनावर यांपैकी एकही नाव नव्हते. ती सर्वसामान्य श्रोत्यांस ज्ञात होण्यास अनेक दशके जावी लागली. एवढ्या काळात लक्षावधी घरांत तो दिलरुबा वाजत होता आणि वाजविणारा कोण, हे तेथे कोणासही सांगता आले नसते.