पशुखाद्याची राखण करणारी सेंद्रिय आम्ले

साठवलेल्या पशुखाद्यात बुरशी आणि रोगकारक जिवाणू वाढू नयेत म्हणून जगभर काही सेंद्रिय आम्ले वापरली जातात. फॉर्मिक, ॲसेटिक, प्रोपिऑनिक, लॅक्टिक, सॉर्बिक आणि बेंझोइक ही त्यांतली प्रमुख. यांतली बहुतेक आम्ले निसर्गात आधीपासून आहेत. मुंगीच्या दंशात फॉर्मिक, व्हिनेगरमध्ये ॲसेटिक आणि दह्यात लॅक्टिक आम्ल असते. प्रोपिऑनिक आम्ल तर गाई-म्हशींच्या कोठीपोटात चाऱ्याच्या किण्वनातून रोज तयार होते. त्यामुळे योग्य मात्रेत खाद्यात मिसळलेले हे आम्ल जनावराच्या शरीराला परके नसते. आंबटपणाच्या जोरावर अन्न टिकवण्याची ही रीत लोणच्यामुळे घरोघरी परिचयाची आहे. पशुखाद्यात ती वापरताना मात्र आम्लाची निवड, मात्रा आणि मिसळण्याची पद्धत काटेकोर ठेवावी लागते.

खाद्य का बिघडते

मका, सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, गव्हाचा भुसा, तांदळाचा कोंडा या सगळ्यांबरोबर बुरशीचे बीजाणू शेतातूनच गोदामात येतात. ते महिनोन् महिने सुप्त राहतात आणि पुरेसे पाणी मिळाले की रुजतात. धान्यातील ओलावा १२ ते १३ टक्क्यांच्या आत असेल, तर बहुतेक बुरशींना वाढता येत नाही. कारण धान्याने घट्ट धरून ठेवलेले पाणी त्यांच्या उपयोगाचे नसते. त्यांना मोकळे पाणी लागते. जिवाणूंना तर बुरशीपेक्षाही जास्त ओल लागते. म्हणून कोरड्या खाद्यात आधी बुरशी धरते.

धान्य हवेतील ओल शोषत राहते. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात हवेची आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत उन्हाळ्यात नीट वाळवलेला मकाही पुन्हा ओल धरतो. दिवसा तापणाऱ्या आणि रात्री गार होणाऱ्या पत्र्याच्या गोदामात वेगळीच अडचण असते. ढिगाच्या उबदार भागातील बाष्प थंड भागाकडे सरकते आणि तिथे दव धरते. सरासरी ओलावा ठीक असूनही एखाद्या कोपऱ्यातली पोती काळवंडतात, ती यामुळे. एकदा बुरशी वाढू लागली की ती स्टार्च आणि स्निग्धांश खाऊन उष्णता व पाणी बाहेर टाकते. त्या पाण्यावर आणखी बुरशी पोसते आणि ढीग आतून तापत जातो.

नुकसान कुठवर पोचते

बुरशी लागलेल्या खाद्यातील ऊर्जा घटते, तेल खवट होते, जनावर खायला नाखूश असते. त्याहून गंभीर धोका बुरशीच्या विषांचा. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची एक लाखाहून अधिक पिल्ले काही महिन्यांत दगावली. शोध घेता घेता तपास ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपाशी पोचला. त्या पेंडीत ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीने तयार केलेले विष होते. त्याला ॲफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले.

ॲफ्लाटॉक्सिन बी-१ यकृतावर आघात करते आणि त्यामुळे कर्करोग होऊ शकतो. दुभत्या जनावराने ते खाल्ले की शरीरात त्याचे एम-१ या रूपात रूपांतर होते आणि दिवसभराच्या आत ते दुधात उतरू लागते. खाल्लेल्या विषाचा साधारण १ ते ६ टक्के भाग असा दुधात येतो. दूध उकळून किंवा पाश्चरीकरण करून ते नष्ट होत नाही. भारतात दुधातील एम-१ ची कमाल मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून गोळा केलेल्या ६,४३२ दूध नमुन्यांपैकी ५.७ टक्के नमुन्यांत ही मर्यादा ओलांडलेली आढळली. याचे मूळ गोठ्यातल्या खाद्यात असते, म्हणून उपायही तिथेच करावा लागतो.

जिवाणूंमध्ये साल्मोनेला सर्वांत महत्त्वाचा. १९७० च्या सुमारास पेरूमधून निर्यात झालेल्या माशांच्या कुटीतून साल्मोनेला अगोना हा प्रकार अमेरिका, ब्रिटन, नेदरलँड्स आणि इस्राएलमधील कोंबड्यांपर्यंत आणि पुढे माणसांपर्यंत पोचला. खाद्यातील एका घटकाची अस्वच्छता किती दूर जाऊ शकते, हे त्यातून स्पष्ट झाले.

आम्ल काम कसे करते

पाण्यात मिसळलेल्या सेंद्रिय आम्लाचे काही रेणू अखंड राहतात, तर काही फुटून हायड्रोजनचा आयन वेगळा होतो. यांपैकी अखंड रेणूच सूक्ष्मजीवाच्या पेशीपटलातून सहज आत शिरतात. पेशीच्या आतला सामू ७ च्या आसपास असतो. तिथे पोचताच रेणू फुटतो आणि पेशी आतून आंबट होऊ लागते. हायड्रोजनचे आयन बाहेर ढकलण्यासाठी पेशीला ऊर्जा खर्च करावी लागते. दुसरीकडे आम्लाचा उरलेला ऋण आयन आत साठत जातो आणि विकरांची कामे व डीएनएची निर्मिती यांत अडथळा आणतो. वाढीसाठी राखलेली ऊर्जा जीव वाचवण्यातच संपते. पेशी आधी वाढायची थांबते आणि पुढे मरते.

म्हणूनच बाहेरचा सामू निर्णायक ठरतो. सामू ६ असताना प्रोपिऑनिक आम्लाचे जेमतेम ७ टक्के रेणू अखंड असतात. सामू ५ ला आला की ते प्रमाण ४३ टक्के होते आणि ४ ला ८८ टक्के. फॉर्मिक आम्ल अधिक तीव्र असल्याने सामू ६ ला त्याचे सुमारे अर्धा टक्काच रेणू अखंड राहतात. मात्र सामू खाली आणण्याची त्याची ताकद मोठी असते. दोन्ही एकत्र वापरली तर फॉर्मिक सामू उतरवते आणि त्यामुळे प्रोपिऑनिकचे अधिक रेणू कामाला येतात. बाजारातील बहुतेक उत्पादने आम्लांची मिश्रणे असतात, त्यामागे हे गणित आहे.

खाद्याची स्वतःची आम्ल शोषण्याची क्षमताही लक्षात घ्यावी लागते. चुनखडी आणि जास्त प्रथिने असलेल्या पेंडी आम्लाचा बराच भाग निष्प्रभ करतात. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात चुनखडी भरपूर असते. मक्याच्या भरड्याला पुरणारी मात्रा तिथे अपुरी पडते.

कोणत्या कामाला कोणते आम्ल

बुरशीसाठी प्रोपिऑनिक आम्लाला पहिली पसंती मिळते. ते थोडे बाष्परूप होऊन दाण्यांमधल्या पोकळ्यांतही पसरते. जिवाणूंवर, विशेषतः साल्मोनेला आणि ई. कोलाय यांच्यावर, फॉर्मिक आम्ल अधिक परिणामकारक. लॅक्टिक आम्लाचा रोखही मुख्यतः जिवाणूंवर असतो. सॉर्बिक आम्ल बुरशी आणि यीस्ट या दोन्हींना आवरते, पण ते महाग पडते. ॲसेटिक आम्ल यीस्ट व बुरशीवर चालते. त्याचा उग्र वास जास्त मात्रेत जनावरांना नकोसा होतो.

शुद्ध द्रवरूप आम्ल त्वचा भाजते, यंत्रे गंजवते आणि त्याची वाफ डोळ्यांना झोंबते. म्हणून त्याचे क्षारही वापरतात. कॅल्शियम प्रोपिऑनेट ही वास नसल्यासारखी, हाताळायला सोपी पांढरी पूड आहे. वजनाने तिच्यातून सुमारे ८० टक्के प्रोपिऑनिक आम्ल मिळते, म्हणजे १ किलो आम्लाच्या जागी सव्वा किलो पूड लागते. मात्र पूड खाद्याचा सामू उतरवत नाही आणि ओल मिळाल्याशिवाय कामाला लागत नाही. अमोनियम प्रोपिऑनेट किंवा सोडियम डायफॉर्मेटसारखी रूपे या दोन्हींच्या मधली आहेत: आम्लाची धार कायम, दाहकता कमी.

मात्रा आणि मिसळण्याची पद्धत

मात्रा ओलाव्यानुसार आणि साठवणीच्या मुदतीनुसार ठरते. १२ ते १४ टक्के ओलाव्याच्या मिश्रखाद्याला टनामागे १ ते ३ किलो प्रोपिऑनिक आम्ल पुरते. मका २० टक्के ओलाव्यावर साठवायचा असेल तर ५ ते ७ किलो आणि ३० टक्क्यांवर साठवायचा असेल तर १२ ते १५ किलो लागते. थंड, ओल्या हवेच्या देशांत मका शेतात पूर्ण वाळत नाही आणि वाळवण यंत्रांना इंधन फार लागते. तिथे हा मार्ग परवडतो. आपल्याकडे खळ्यावर ऊन मिळते तोवर मका वाळवणेच स्वस्त.

मात्रेइतकेच महत्त्व समान पसरणीला आहे. द्रव आम्ल बारीक फवाऱ्याने फिरत्या मिश्रकात सोडतात, म्हणजे प्रत्येक दाण्यावर त्याचा थर बसतो. पूड असेल तर आधी थोड्या भरड्यात मिसळून मग ती पूर्ण मिश्रणात घालतात. आम्ल न लागलेला एखादा भाग राहिला तर बुरशी तिथून सुरू होते. अपुरी मात्रा हा पैसे वाचवण्याचा मार्ग ठरत नाही, कारण काही बुरशी थोडे प्रोपिऑनेट चक्क अन्न म्हणून वापरतात.

खाद्य कारखान्यात

गोळी पेंड बनवताना मिश्रण वाफेने ७० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले जाते. त्यात बहुतेक साल्मोनेला मरतात, पण उष्णतेचा परिणाम मागे टिकत नाही. गोळ्या थंड करणारी यंत्रणा बाहेरची हवा खेचते. तिच्याबरोबर धूळ येते, भिंतींवर दव धरते आणि स्वच्छ झालेले खाद्य पुन्हा दूषित होऊ शकते. उंदीर, पक्षी आणि वाहतुकीच्या गाड्या ही पुढची वाट. आम्ल खाद्यात टिकून राहते, त्यामुळे या टप्प्यांवरही त्याचे संरक्षण मिळते. कोरड्या खाद्यात त्याचे काम सावकाश चालते. परिणाम दिसायला काही दिवस जावे लागतात. फॉर्मॅल्डिहाइड जिवाणूंवर अधिक जोरकस आहे, पण ते माणसाला घातक असल्यामुळे युरोपीय संघाने २०१८ मध्ये खाद्यातील वापरासाठी त्याला परवानगी नाकारली. तिथे फॉर्मिक आम्ल मान्य असून त्याची मर्यादा किलोभर पूर्ण खाद्याला १० ग्रॅम आहे.

मुरघासात

हिरवा चारा हवाबंद दाबून ठेवला की त्यातील लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू साखरेचे आम्ल करतात, सामू ४ च्या आसपास उतरतो आणि चारा टिकतो. म्हणजे मुरघासात आम्ल चाऱ्यातच तयार होते. फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी व्हिर्तानेन यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस गवतावर सौम्य खनिज आम्ले शिंपडून सामू झटकन ४ च्या खाली आणण्याची पद्धत विकसित केली. चारा टिकवण्याच्या या कामाचा उल्लेख त्यांच्या १९४५ च्या रसायनशास्त्रातील नोबेल पुरस्कारात विशेषत्वाने आहे. पुढे खनिज आम्लांची जागा फॉर्मिक आम्लाने घेतली. लसूणघासासारख्या, साखर कमी आणि प्रथिने जास्त असलेल्या चाऱ्याला ते विशेष उपयोगी पडते.

महाराष्ट्रात मुरघास मुख्यतः मक्याचा होतो. मक्यात साखर पुरेशी असते, म्हणून दाणे चिकात असताना कापणी, बारीक कुट्टी आणि घट्ट दाब एवढे साधले की सुरुवातीला बाहेरचे आम्ल लागत नाही. अडचण येते ती बॅग किंवा खड्डा उघडल्यावर. हवा मिळताच यीस्ट लॅक्टिक आम्ल खाऊ लागतात, सामू वर चढतो, चारा गरम होतो आणि मागोमाग बुरशी येते. अशा वेळी वरच्या थरावर आणि उघड्या तोंडाशी प्रोपिऑनिक आम्लाचा वापर मदत करतो. रोज एक पूर्ण थर काढून घेणे आणि तोंड लगेच झाकणे याची जोड मात्र हवीच.

जनावराच्या पोटात

खाद्यासोबत पोटात गेलेले आम्ल शरीर वापरून टाकते. प्रोपिऑनिक आम्लापासून गाईचे यकृत ग्लुकोज बनवते आणि त्याच ग्लुकोजपासून दुधातील साखर तयार होते. डुकरांची पिल्ले आणि कोंबड्या यांच्या पचनमार्गाच्या सुरुवातीच्या भागात आम्ल जिवाणूंवर काही अंशी वचक ठेवते. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालण्यावर बंदी आणली, तेव्हा आम्लांकडे लक्ष वाढले त्याचे हे एक कारण.

मर्यादा आणि काळजी

आम्ल बुरशीची वाढ थांबवते. बुरशीने आधीच तयार केलेले ॲफ्लाटॉक्सिन ते नष्ट करत नाही. बुरसलेला मका किंवा कुबट पेंड आम्ल मिसळून चांगली होत नाही, उलट तिची खूण असलेला वास झाकला जाऊन धोका वाढतो. मिश्र पशुखाद्यात बी-१ चे प्रमाण किलोमागे २० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे भारतीय मानक सांगते. संशयास्पद माल तपासून घेणे हाच त्यावर मार्ग आहे. आम्लप्रक्रिया केलेले धान्य उगवत नाही, म्हणून ते बियाण्यासाठी ठेवू नये. माणसांच्या धान्यात तर ते कधीही मिसळू नये. अशा ओल्या धान्यातील ई जीवनसत्त्व घटते, ते खाद्यातून वेगळे पुरवावे लागते. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आणि काँक्रीट यांनाही आम्ल खाते, म्हणून साठवणीच्या जागेला आतून संरक्षक लेप हवा.

द्रव आम्ल हाताळताना रबरी हातमोजे आणि डोळ्यांना बंदिस्त चष्मा आवश्यक आहे. काम मोकळ्या हवेत करावे. पातळ करताना आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात ओतू नये. अंगावर उडाल्यास भरपूर वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवावे, डोळ्यात गेल्यास धुऊन लगेच डॉक्टर गाठावा.

आम्लाचा खर्च सार्थकी लागायचा तर आधीची कामे चोख हवीत. माल घेतानाच ओलावा मोजावा, फुटके दाणे आणि कचरा काढावा. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून रचावीत. आधी आलेला माल आधी वापरावा. गळके छप्पर पावसाळ्यापूर्वी दुरुस्त करावे आणि उंदीर-किड्यांचा बंदोबस्त करावा. एवढे करूनही ज्या मालाला ओल टाळता येत नाही, जो पावसाळाभर ठेवायचा आहे किंवा ज्याचा प्रवास लांबचा आहे, त्याच्यासाठी सेंद्रिय आम्ल हे साठवणीच्या पहिल्या दिवसापासून वापरायचे साधन आहे.