शून्य रुपयांचे तिकीट

परभणी जिल्ह्यातल्या पूर्णेहून ताडकळसकडे निघालेल्या एस.टी.त कंडक्टर पुढून मागे सरकू लागला की एकाच गाडीत चार हिशोब होताना दिसतात. धोतर-टोपीतले आजोबा बंडीच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेले आधार कार्ड काढतात. कंडक्टर जन्मसाल पाहतो, यंत्राची बटणे दाबतो आणि चिठ्ठी फाडून त्यांच्या हातात देतो. चढल्याचे ठिकाण, उतरण्याचे ठिकाण, तारीख, वेळ असे सगळे तिच्यावर छापलेले असते. भाड्याच्या जागी असतो शून्य. शेजारी बसलेल्या मावशींना अर्धे तिकीट मिळते. खिडकीजवळची शाळकरी मुलगी नुसता पास दाखवते. शेवटच्या बाकावरचा पन्नाशीतला शेतमजूर मात्र पूर्ण भाडे मोजतो.

या चौघांत सर्वांत गरीब कोण, हे यंत्र विचारत नाही. वय, लिंग, शिक्षण, आजार, अपंगत्व एवढेच त्याला कळते. महाराष्ट्रातली प्रवाससवलतीची व्यवस्था देशातल्या मोठ्या व्यवस्थांपैकी एक आहे आणि तिचे उपकार ग्रामीण भागावर फार आहेत. पण या व्यवस्थेत गरिबी नावाचा रकाना नाही. तो रकाना कोणी भरायचा, हा पूर्णेसारख्या तालुक्याच्या गावापुढचा खरा प्रश्न आहे.

लालपरीचा वारसा

मराठवाड्यात सरकारी बस उर्वरित महाराष्ट्राच्या आधी आली. निजामाच्या रेल्वे खात्याने जून 1932 मध्ये अवघ्या 27 गाड्यांवर रस्ते वाहतूक सुरू केली. पुणे ते अहमदनगर ही एस.टी.ची पहिली गाडी धावली 1 जून 1948 रोजी. पुढे मराठवाड्याची स्वतंत्र राज्य परिवहन सेवा आणि विदर्भातल्या सेवा मुंबईकडच्या सेवेत मिळाल्या आणि 1961 मध्ये आजचे महामंडळ उभे राहिले. तोट्यातल्या मार्गावरही गाडी जाईल, कारण त्या टोकाला माणसे राहतात, हे तत्त्व या महामंडळाने पिढ्यान्‌पिढ्या पाळले. सवलतींची यादी त्याच तत्त्वातून वाढत गेली.

आज त्या यादीत स्वातंत्र्यसैनिक आहेत, विद्यार्थी आहेत, दिव्यांग आणि त्यांचे सोबती आहेत. कर्करोग, क्षय आणि कुष्ठरोगाच्या रुग्णांना मोठी सूट आहे. डायलिसिसवर असलेले, हिमोफिलिया आणि सिकलसेलचे रुग्ण, तसेच एच.आय.व्ही.बाधित यांना साध्या गाडीत पूर्ण मोफत प्रवास आहे. डायलिसिसच्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीनदा शहर गाठावे लागते आणि तेही आयुष्यभर. त्याच्या घराला ही सवलत म्हणजे काय, हे त्या घरालाच विचारावे.

26 ऑगस्ट 2022 पासून अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत 75 वर्षे पूर्ण केलेल्यांचा प्रवास मोफत झाला. 65 ते 75 वयाच्यांना अर्धे भाडे आहे. 17 मार्च 2023 पासून महिला सन्मान योजनेत सर्व स्त्रियांना अर्धे तिकीट लागू झाले. बाजाराला, माहेरी, दवाखान्यात किंवा बचत गटाच्या बैठकीला जायचे तर नवऱ्याकडे भाडे मागावे लागे, अशा कितीतरी बायका आता स्वतःच्या पैशाने गाडीत चढतात. शेजारच्या कर्नाटकाने जून 2023 मध्ये आणि तेलंगणाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्त्रियांचा प्रवास पूर्णच मोफत केला.

शून्याच्या तिकिटाबद्दल एक गोष्ट फार थोड्या प्रवाशांना ठाऊक असते. ते तिकीट देखाव्यासाठी नसते. सवलतीत सोडलेले भाडे राज्य सरकार महामंडळाला भरून देते आणि त्याचा हिशोब यंत्रातून निघालेल्या तिकिटांवर होतो. म्हणून आजोबांनी "मला कशाला चिठ्ठी, मी तर फुकट" असे म्हणून हात मागे घेऊ नये. त्यांच्या हातातला तो कागद एस.टी.चे सरकारकडचे येणे आहे. तो निघाला नाही तर त्यांच्या प्रवासाची दमडीही महामंडळाच्या पदरात पडत नाही, आणि महामंडळ दुबळे झाले की आधी खेड्यातलीच फेरी बंद होते.

पास आणि मुख्याध्यापक

सवलतींमधली सर्वांत दूरगामी कोणती, असे विचारले तर उत्तर एकच: मुलींचा मोफत पास. अहिल्याबाई होळकर योजनेत खेड्यातून शाळेला येणाऱ्या मुलींना आधी दहावीपर्यंत आणि पुढे बारावीपर्यंत एस.टी. मोफत मिळाली. इतर विद्यार्थ्यांना मासिक पासावर 66.67 टक्के सूट असते, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्सा भरायचा. गावात चौथी-सातवीपर्यंतच शाळा असते. पुढच्या शाळेला जाणारा रस्ता मुलीच्या एकटीच्या पायांवर सोपवायला आई-बाप धजत नाहीत. पास आला, गाडी वेळेवर आली आणि मुलगी संध्याकाळी घरी पोचू लागली की शाळा सोडवण्याचा विषय घरात निघत नाही.

हा तिसरा हिस्साही किती जड असू शकतो, हे मराठवाड्याने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. ऑक्टोबर 2015 मध्ये, दुष्काळाच्या ऐन झळीत, लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या, कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने आपले आयुष्य संपवले. पासाच्या 260 रुपयांची घरात सोय होत नव्हती. त्यानंतर दुष्काळी भागातल्या विद्यार्थ्यांना मोफत पास देण्याचा निर्णय झाला. निर्णय योग्यच होता, पण तो एका लेकीच्या जाण्यानंतर झाला. त्या गावात, त्या कॉलेजात, त्या तालुक्यात 260 रुपये देऊ शकणारी माणसे शेकड्याने असतील. त्यांच्यापर्यंत ती गरज पोचली नाही, कारण ती पोचवण्याची वाटच कोणी तयार केलेली नव्हती.

पास मिळवायला बोनाफाईड लागते, फोटो लागतो, अर्ज लागतो, शाळेचा सही-शिक्का लागतो. पूर्वी हे सगळे घेऊन विद्यार्थ्याला पासाच्या खिडकीवर रांग लावावी लागे आणि त्यात शाळेचा दिवस जाई. 2024 च्या जूनमध्ये महामंडळाने पद्धत बदलली. मुख्याध्यापकांनी यादी द्यायची आणि पास थेट शाळेत पोचवायचे. बदल साधा होता, पण त्याचा अर्थ मोठा आहे. योजना तीच, सूट तीच. फक्त मधला माणूस शोधला आणि काम सोपे झाले. मुख्याध्यापकांना आपल्या शाळेतली प्रत्येक मुलगी कोणत्या वाडीवरून येते, हे ठाऊक असते. मोफत प्रवासाच्या कोणत्याही योजनेला असा ओळखीचा माणूस लागतो.

अर्थात गाडीच आली नाही तर पास हा नुसता कागद. 2021 च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत चालला. त्यात खेड्यातल्या मुलींची शाळा बुडाली आणि म्हाताऱ्यांचे दवाखाने चुकले. पूर्णा तालुक्याचे दुखणे त्याआधीपासूनचे आहे. परभणी, जिंतूर, गंगाखेड, पाथरी येथे आगारे आहेत, पूर्णेला नाही. तालुक्यातल्या खेड्यांना दुसऱ्या आगाराच्या वेळापत्रकावर अवलंबून राहावे लागते.

जंक्शनचे गाव

पूर्णेची खरी ओळख रेल्वेची. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी लाईन निजामाच्या काळात, विसाव्या शतकाच्या तोंडावर इथून गेली. पुढे हिंगोली-अकोल्याकडे फाटा निघाला आणि गाव जंक्शन झाले. आज ते दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात आहे. चुडावा, लिंबगाव करत पॅसेंजर नांदेडला पोचते. तिच्यातून मजूर जातात, विद्यार्थी जातात आणि विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवायला निघालेली माणसे जातात.

या प्रवाशांना पॅसेंजरचे तिकीट म्हणजेच सवलत होती. किमान भाडे होते 10 रुपये. करोनानंतर पॅसेंजर गाड्या विशेष गाड्या म्हणून धावू लागल्या आणि किमान भाडे 30 रुपये झाले. 2024 च्या फेब्रुवारीत ते पुन्हा 10 वर आले. मधल्या काळात एका फेरीचे 20 रुपये जास्त म्हणजे जाऊन-येऊन 40, आणि सोबत कोणी असेल तर 80. रोजंदारीवर जगणाऱ्याला ही रक्कम थेट जेवणातून काढावी लागते. ज्येष्ठांची रेल्वेतली सवलतही 20 मार्च 2020 पासून थांबली. दिव्यांग, विद्यार्थी आणि ठरावीक आजारांच्या रुग्णांची सवलत तेवढी टिकली.

रेल्वेने एकदा गरिबीचा रकाना उघडला होता. 2009 मध्ये 'इज्जत' नावाचा मासिक पास निघाला. असंघटित क्षेत्रातल्या, महिन्याला 1500 रुपयांपर्यंत कमावणाऱ्याला 25 रुपयांत 100 किलोमीटरपर्यंतचा महिनाभराचा प्रवास. पुढे ही मर्यादा 150 किलोमीटर झाली. कल्पना अतिशय चांगली होती. पण उत्पन्नाचा दाखला आणायचा म्हणजे तलाठी, तहसील, सही अशी पायपीट, आणि त्या पायपिटीत मजुरी बुडते. ज्याच्यासाठी पास होता, त्यालाच तो काढण्याची फुरसत नव्हती.

दुसरीकडे कर्करोगाच्या रुग्णाची सवलत पाहा. उपचाराला जाताना-येताना त्याला स्लीपर आणि थ्री एसीमध्ये तिकीट पूर्ण मोफत असते आणि सोबत्याला त्याच डब्यात 75 टक्के सूट मिळते. म्हणजे पूर्णेचा रुग्ण परळच्या टाटा रुग्णालयापर्यंत भाड्याविना जाऊ शकतो. ही सवलत लोकांपर्यंत पोचते, कारण ठरलेल्या नमुन्यातला दाखला रुग्णालयच देते. टाटा रुग्णालयात हे काम समाजसेवा विभाग पाहतो. दानातून, सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशांतून 1941 मध्ये उभ्या राहिलेल्या या संस्थेने उपचाराइतकेच रुग्णाच्या येण्या-जाण्याकडे आणि राहण्याकडे लक्ष दिले. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी राहण्याचा भार उचलला. सरकारची सूट, रुग्णालयाचा दाखला आणि धर्मशाळेची खोली या तिन्ही गोष्टी जुळल्या की मगच खेड्यातल्या माणसाला मुंबई गाठता येते.

सवलतीच्या फटीत राहिलेली माणसे

आता पुन्हा शेवटच्या बाकावरच्या त्या पन्नाशीतल्या मजुराकडे येऊ. त्याला मूतखडा आहे किंवा हृदयाचे दुखणे आहे. त्याचा आजार एस.टी.च्या सवलतीच्या यादीत नाही. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया मोफत होते आणि घरी परतताना एस.टी.चे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे धरण्याची तरतूदही पॅकेजमध्ये असते. पण हे सगळे दाखल झाल्यावर. त्याआधी तपासणी, रिपोर्ट, पुन्हा बोलावणे अशा चार-पाच फेऱ्या तो स्वतःच्या खिशातून करतो, आणि बरेच जण दुसऱ्या फेरीनंतर जाणेच सोडतात. दवाखाना फुकट असूनही उपचार अर्धवट राहतो तो इथे.

जगात याला एक चांगले उत्तर सापडले आहे. अमेरिकेत सिॲटल शहराच्या परिसरातली किंग काउंटीची बससेवा समाजसेवी संस्थांना सवलतीच्या दरात तिकिटे देते आणि त्या संस्था ती गरजूंना मोफत वाटतात. उत्पन्नाचा दाखला कोणी मागत बसत नाही. गरज कोणाला आहे, हे निवारागृह चालवणाऱ्या किंवा रोज अन्न वाटणाऱ्या माणसाला ठाऊक असते. आपल्याला ही कल्पना परकी वाटायचे कारण नाही. पूर्णेपासून तासाभरावर, नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगर कोणाचाही दाखला पाहत नाही, आणि रेल्वे स्टेशनवरून भाविकांना नेण्यासाठी गुरुद्वाऱ्याची मोफत बसही असते. दान माणसाला एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेण्यातही असते, हे इथल्या मातीला कधीच कळलेले आहे.

पूर्णेत दानत कमी नाही. बुद्धविहार आहे, मंदिर-मशिदींच्या समित्या आहेत, गणेश मंडळे आणि जयंती समित्या आहेत, निवृत्त रेल्वे कर्मचारी आहेत. अन्नदान होते, वह्यावाटप होते, रक्तदान होते. यात प्रवासाची भर घालायची तर तीन कामे आजच हाती घेता येतात.

पहिले काम बिनपैशाचे आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी बसस्थानकाजवळ एक टेबल मांडावे. कोणाला कोणती सवलत मिळते हे सांगावे, अर्ज भरून द्यावेत, आधारवरची चुकीची जन्मतारीख दुरुस्त कुठे होते ते दाखवावे. पंचाहत्तरी ओलांडूनही केवळ जन्मसाल चुकले म्हणून भाडे भरणाऱ्या म्हाताऱ्याला याहून मोठी मदत नाही. निवृत्त कंडक्टर किंवा तिकीट क्लार्क हे काम डोळे मिटून करू शकेल.

दुसरे काम पैशाचे आहे, पण थोड्या. यादीबाहेरचे रुग्ण, त्यांचे सोबती आणि पासाचा तिसरा हिस्सा न भरू शकणारे विद्यार्थी यांच्यासाठी प्रवासनिधी असावा. शाळेत मुख्याध्यापकांनी, गावात आशाताईंनी नाव सुचवावे आणि निधीने थेट तिकीट किंवा पास काढून द्यावा. गरजूला कोणाच्या दारात उभे करू नये. एका मंडळाच्या डीजेच्या खर्चात अनेक मुलांचे वर्षभराचे पास निघतील.

तिसरे काम मागणीचे आहे. पूर्णेला आगार, शाळेच्या वेळेला गाडी आणि पॅसेंजरचे भाडे कायम कमी ठेवणे या गोष्टी दानातून होत नाहीत. त्या सरकारकडून आणि रेल्वेकडूनच मिळवाव्या लागतात, आणि निवेदनावर सगळ्या संस्थांच्या सह्या एकत्र असतील तर त्यांना वजन येते.

सरकारने सवलत दिली, महामंडळाने गाडी दिली. उरलेले अंतर गावाने चालायचे आहे. पैशाअभावी एकाही मुलाची शाळा आणि एकाही रुग्णाची दवाखान्याची फेरी चुकणार नाही, एवढा निश्चय पूर्णेतल्या संस्थांनी येत्या जूनच्या आत करावा. शाळा सुरू होतात तेव्हाच पासाचे पैसे लागतात.