काचेच्या धुळीतला पोशाख

लोणारला गेलेला माणूस पाणी आणि देवळं बघून परततो. भूवैज्ञानिक मात्र विवराच्या काठावरचे दगड उचलून न्याहाळतात. बुलढाणा जिल्ह्यातलं हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर दख्खनच्या बेसॉल्टमध्ये उल्केच्या आघाताने खोदलं गेलं. चंद्रावरचे 'समुद्र'ही बेसॉल्टचेच. १९७३ साली फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी 'सायन्स' नियतकालिकात दाखवून दिलं, की लोणारच्या आघाताने वितळून झालेले काचमणी अपोलोने आणलेल्या नमुन्यांशी जवळचं नातं सांगतात.

चंद्रावरच्या असल्या काचेच्या धुळीतून माणसाला चालवायचं, तर अंगावर काय घालायचं? अमेरिकेत हा प्रश्न साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून घोळत होता. पण पहिली अडचण धुळीची नव्हतीच. निर्वात जागेत पोशाखात हवा भरली, की तो सायकलच्या ट्यूबसारखा ताठ होतो. कोपर वाकवलं की आतली जागा आक्रसते आणि हवा हात पुन्हा सरळ करू पाहते. लिटन कंपनीच्या कडक 'आरएक्स' पोशाखांनी यावर उत्तर शोधलं होतं: सांधा कसाही वळवा, आतली जागा तेवढीच. माझ्या मते कल्पना म्हणून तेच सरस. पण चांद्रयानाच्या चिमुकल्या खोलीत ते अवजड चिलखत ठेवणार कुठे?

चांद्रपोशाखासाठीच्या १९६५ च्या स्पर्धेत बाजी मारली ती आयएलसीच्या मऊ पोशाखाने. ही कंपनी 'प्लेटेक्स'च्या कंचुक्या शिवणाऱ्यांच्या घरातली! सांध्यांना रबराच्या चुण्या आणि ते लांबू नयेत म्हणून बाजूने तारा. शिलाईत मिलिमीटरभर चूकही चालत नसे. विसरलेली एखादी टाचणी थरांत राहिली तर जिवावर बेतेल, म्हणून एक्स-रे काढून तपासणी होई. जानेवारी १९६७ मध्ये अपोलो १ च्या आगीत तिघे गेले. त्यानंतर बाहेरच्या थराला टेफ्लॉन चढवलेलं काचेच्या धाग्याचं, न पेटणारं कापड आलं.

आणि काचेच्या या कापडाला काचेचीच धूळ भिडली. लोणारचे कण पावसापाण्याने झिजलेत. चंद्रावर ना पाऊस ना वारा, त्यामुळे कडा धारदारच राहतात. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ च्या सर्नन आणि श्मिट यांनी तीन फेऱ्यांत मिळून सुमारे २२ तास बाहेर काढले. तेवढ्यात हातमोज्यांचं आवरण घासलं, धुळीने जोड आवळले, आणि यानात परतल्यावर श्मिटना शिंका सुरू झाल्या.

तीन फेऱ्यांपुरता तो पोशाख उत्तम होता, मुक्कामासाठी नाही. म्हणून आता आर्टेमिस या नव्या चांद्रमोहिमेसाठी तयार होणाऱ्या पोशाखात कडक धड आणि फिरते बेअरिंग परत आले आहेत.