मुदुमलाईचा श्वास, कुंभकोणमचं पाणी

आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला, कुंभकोणमच्या कावेरीघाटावर पाय ठेवायला जागा नसते. सण आडिपेरुक्कूचा. ताडपत्राची कर्णफुलं, काळे मणी, चित्रान्न घेऊन बायका येतात आणि आपल्याकडे नदीची ओटी भरतात तशी कावेरीची पूजा करतात. १६७६ ते १७९९ या काळात हा मुलूख तंजावरच्या भोसल्यांचा होता. इथल्या काही घरांत आजही मराठी बोलली जाते.

कावेरीचा उगम कोडगूत, पण तिला भवानी येऊन मिळते आणि भवानीला मोयार. ही मोयार वाहते मुदुमलाईच्या पानगळीच्या जंगलातून. तिथली झाडं मराठी माणसाला नवी नाहीत. साग, ऐन, धावडा, नाणा, बहावा ही आपल्या रानांतलीच मंडळी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले रामन सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८-८९ मध्ये इथली ५० हेक्टर जागा आखून २५ हजारांहून अधिक झाडांची नोंद केली. बोटाएवढ्या खोडांनाही क्रमांक दिले. ठरावीक वर्षांनी घेर मोजायचा, कोणती झाडं मेली ते लिहायचं, हे काम तेव्हापासून चालू आहे. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो. म्हणून वाढलेल्या घेरावरून जंगलानं हवेतून किती कार्बन घेतला, याचा हिशेब मांडता येतो.

पण हे घेणं वर्षभर सारखं नसतं. थंड देशांत पानं गळतात ती मुख्यतः थंडीमुळे, इथे पाण्याच्या ओढीमुळे. माघ-फाल्गुनात साग उघडा होतो. पान गळण्याआधी झाड त्यातला नायट्रोजन बराचसा परत ओढून घेतं. पानं नसली की कार्बन डायऑक्साइड घेणं जवळजवळ थांबतं, मात्र खोड, मुळं आणि माती यांचा उच्छ्वास चालूच राहतो. माती कोरडी पडल्यावर तोही मंदावतो.

मग पहिला वळीव पडतो आणि मातीचा वास सुटतो. महिनोन् महिने निपचित पडलेले सूक्ष्मजीव ओल मिळताच पाचोळ्यावर तुटून पडतात आणि मातीतून कार्बन डायऑक्साइडचा लोट उठतो. केनियात काम करणाऱ्या बर्च यांनी १९५८ मध्ये कोरडी माती भिजल्यावर होणाऱ्या या उसळीचा अभ्यास मांडला. तिला त्यांचंच नाव मिळालं. पालवी फुटून पानं मोठी झाली की पारडं फिरतं. भर पावसात ढगांमुळे ऊन कमी पडतं. पाऊस ओसरल्यावर मात्र जमिनीत ओल, डोक्यावर स्वच्छ ऊन आणि फांदीवर भरगच्च पानं असा योग जुळतो.

ही देवाणघेवाण मोजायला जंगलात उंच मनोरे उभारतात. मनोऱ्यावरचं एक यंत्र वाऱ्याचा वर-खाली वेग सेकंदाला दहा वेळा टिपतं, दुसरं त्याच क्षणी हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतं. असा एक मनोरा अमरावतीला लागून असलेल्या बैतूल जिल्ह्यातल्या सागवनात आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं (आयआयटीएम) काझीरंगात आणि चिदंबरमजवळच्या पिचावरमच्या खारफुटीत असेच मनोरे उभारले. काझीरंगाच्या निमसदाहरित जंगलात पावसाळ्याआधीच्या महिन्यांत कार्बन सर्वाधिक शोषला जातो, असं दिसलं. पाऊस सुरू झाला की ढगांमुळे तो आकडा उतरतो. म्हणजे प्रत्येक रानाचं पंचांग वेगळं.

साऱ्या उत्तर गोलार्धाचाही असाच श्वास आहे. हवाई बेटावरच्या मौना लोआ इथे चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ पासून तो टिपला. मे महिन्यात कार्बन डायऑक्साइड सर्वाधिक, सप्टेंबरच्या सुमारास सर्वांत कमी. पण हा झोका दरवर्षी वरवर सरकतो आहे. तेव्हा दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होते, आता ४२० च्या पुढे गेले.

कुंभकोणमची भातशेतीही कार्बन घेते. पण सांबा भात जानेवारीच्या सुमारास कापला की त्यातला बहुतेक कार्बन अन्न, चारा, पेंढा या वाटांनी थोड्याच काळात हवेत परततो, आणि साचलेल्या पाण्यातून मिथेन निघतो तो वेगळाच. ऐनाच्या खोडात मात्र कार्बन पिढ्यान्‌पिढ्या राहतो. ते जंगल जळलं, तर जळालेल्या भागातला कार्बन काही तासांत मोकळा होतो.

म्हणून उन्हाळ्यातल्या उघड्या रानाला मेलेलं समजू नका. पायाखाली चुरचुरणारा पाचोळा ही पुढच्या पालवीची शिदोरी आहे. मोहफुलं वेचताना असो, तेंदूपानासाठी असो की वणव्याच्या निव्वळ सवयीनं असो, त्याला काडी लावू नका. नवी रोपं जरूर लावा, पण उभं असलेलं पानगळीचं जंगल आधी राखा.