विश्लेषण : यवतमाळच्या आकाश चिकटेची भारतीय हॉकी संघातील जागा का टिकली नाही?

भारतीय संघात खेळलेला आकाश चिकटे हा हॉकी गोलरक्षक यवतमाळचा. विजेतेपदे मिळूनही त्याचे संघातील स्थान पक्के झाले नाही.

संधी कशी मिळाली?
२०१६च्या आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात पी. आर. श्रीजेश दुखापतीमुळे खेळू शकला नाही. आकाश गोलपोस्टसमोर उभा राहिला आणि भारताने पाकिस्तानला ३-२ असे हरवले. २०१७मध्ये आशिया चषक जिंकणाऱ्या संघातही तो होता.

अडचण कुठे?
बचावपटू सामन्यात आलटूनपालटून खेळतात. गोलरक्षकाची जागा मात्र एकच. पॅरिस ऑलिम्पिकच्या १६ जणांच्या संघातही श्रीजेश हा एकमेव गोलरक्षक होता. कृशन पाठक राखीव राहिला.

मग काय घडले?
श्रीजेश २०१८मध्ये परतला. त्याच वर्षी उत्तेजक चाचणीत दोषी आढळल्याने ‘नाडा’ने आकाशवर दोन वर्षांची बंदी घातली. तोवर सूरज करकेरा आणि पाठक पुढे गेले होते.

नवोदितांनी काय लक्षात ठेवावे?
शरीरात आढळलेल्या प्रतिबंधित द्रव्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. त्यामुळे केळापूरच्या मैदानावर खेळणाऱ्या मुलानेही दुखापतीवरचे औषध घेण्यापूर्वी ते प्रतिबंधित यादीत नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.