थंडीत सिंहगड कधी दिसतो?

डिसेंबर लागला की पुण्यात पहाटेचा गारठा जाणवू लागतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत कोथरूडच्या गच्च्यांवरून सकाळी सिंहगड गायब असतो. हवाई अंतर जेमतेम 17 किलोमीटर, आकाशात ढगाचा ठिपका नाही, तरी दक्षिणेला नुसता करडा पट्टा! थंडीत हवा स्वच्छ असते, असे आपण धरून चालतो. पण जी रात्र कडाक्याची थंडी देते, तीच हवा कोंडूनही ठेवते.

निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडत झपाट्याने निवते. तिच्यालगतची हवा गारठते, जड होते आणि मुठेच्या खोऱ्यात साचते. एरवी दर किलोमीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. त्या हिशेबाने शहरापेक्षा सुमारे 750 मीटर उंच असलेला गड पाचेक अंशांनी गार असायला हवा. अशा पहाटे मात्र काही उंचीपर्यंत वर जावे तसतशी हवा उबदार होत जाते. ही तापमानाची विपरीतता. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठते, तेव्हा वर गावातला पारा शून्याच्या बराच वर असतो, तोही याच कारणाने.

उबदार थराचे हे झाकण बसले की वाहनांचा धूर, शेकोट्या, जाळलेला कचरा सगळे खालीच अडकते. पहाटेच्या दमट हवेत त्यातले कण पाणी धरून फुगतात आणि प्रकाश जास्तच विखुरतात. हवेचे रेणू प्रामुख्याने निळा प्रकाश विखुरतात, म्हणून स्वच्छ हवेत लांबचा डोंगर निळसर दिसतो. धुराचे मोठे कण सगळेच रंग विखुरतात; डोंगर पांढुरका होत होत मागच्या आकाशात विरतो. दोघांच्या उजेडातला फरक साधारण दोन टक्क्यांवर आला की डोळ्याला डोंगर दिसेनासा होतो. या गणिताची मांडणी कोशमीडर या जर्मन शास्त्रज्ञाने 1924 मध्ये केली. हवामान वेधशाळांतले निरीक्षकही ठरावीक अंतरावरच्या खुणा पाहूनच दृश्यमानता नोंदवत आले आहेत.

म्हणून दम्याचा त्रास असलेल्या आजी-आजोबांना पहाटे साडेपाचला ‘शुद्ध हवेत’ फिरायला पाठवणे मला अजिबात पटत नाही. ऊन तापून जमीन गरम झाली, खालची हवा वर उठू लागली, की कोंडलेला धूर उंचावर पसरून विरळ होतो. तोवर थांबावे.

गड बघायचीही वेळ तीच. पुण्यात डिसेंबरात सूर्य साडेबाराच्या सुमारास दक्षिणेला येतो, तोही क्षितिजापासून अठ्ठेचाळीस अंशांवरच. त्याआधी तास-दीड तास ऊन डावीकडून तिरपे पडते आणि सह्याद्रीच्या पायऱ्या उठून दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले, त्यांच्या या पायऱ्या. टणक थराचा कडा उभा आणि काळा, ठिसूळ थर झिजून झालेला उतार वाळक्या गवताने पिवळा. पावसाळ्यात हिरवाईने आणि धुक्याने झाकलेली ही रचना आता घरबसल्या मोजता येते. माथ्यावरचा दूरदर्शनचा मनोराही ओळखू येतो. दुपारी एकनंतर मात्र सूर्य गडाच्याच दिशेला सरकतो, समोरून येणाऱ्या प्रकाशात उरलीसुरली धूळ चमकते आणि डोंगर सपाट दिसू लागतो. फोटो काढायचा असेल, तर अकरा-साडेअकराला काढावा.